जुन्नरच्या सागवानाची नोंद कुठे आहे?

१० जानेवारी १७३० रोजी पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला. चिंचवडच्या खाणींतून दगड आला, जेजुरीकडून चुना आला आणि सागवान आलं ते जुन्नरच्या रानातून. दोन वर्षांनी, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, तेव्हा खर्चाचा आकडा १६,११० रुपयांवर पोचला होता. पावणेतीनशेहून अधिक वर्षांनंतरही हे सगळं सांगता येतं, कारण ते त्या वेळी कुणीतरी लिहून ठेवलं. लाकूड मात्र राहिलं नाही. फेब्रुवारी १८२८ मध्ये वाड्याला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती आणि आतलं बहुतेक सगळं लाकूडकाम तिच्यात गेलं.

जुन्नरचं सगळं सागवान काही पुण्याला गेलं नव्हतं. पेशवाईत आणि तिच्यानंतरच्या शंभर वर्षांत जुन्नर शहराच्या पेठांत, ओतूर-नारायणगावात, पलीकडे आंबेगाव तालुक्यात घोडेगाव, मंचर आणि आसपासच्या गावठाणांत वाडे आणि माड्यांची घरं उभी राहिली. त्यांचे खांब, तुळया, दरवाजे, महिरपी यांतलं बरंच काही आजही जागेवर आहे. या लाकडाची यादी मात्र कुठल्याही कार्यालयात मिळत नाही. कोणत्या गावात किती वाडे, त्यांत किती खांब, ते कोणी घडवले, कधी घडवले, हे लिहिलेलं नसताना ते लाकूड एकेक करून गावाबाहेर चाललं आहे. दोन्ही तालुक्यांनी ही नोंद आता हाती घ्यायला हवी, कारण वाडा उतरवल्यानंतर ती करता येत नाही.

नोंदीने लाकडाचं काय होतं, हे पाहायचं तर त्याच काळातल्या इंग्लंडकडे पाहावं लागतं. १७१४ मध्ये पहिला जॉर्ज गादीवर आला आणि १८३० मध्ये चौथा जॉर्ज वारला. या चार जॉर्ज राजांच्या काळात तिथे घडलेल्या खुर्च्या, मेजं, कपाटं आज ‘जॉर्जियन फर्निचर’ म्हणून जगभर ओळखली जातात. योगायोग असा, की पहिला जॉर्ज गादीवर आल्याच्या पुढच्याच वर्षाच्या सुमारास इकडे रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र सिद्ध झालं. आरमारासाठी सागासारखी झाडं तोडायची तर परवानगीने तोडावीत, आणि रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंब्या-फणसाची झाडं बळजबरीने तोडू नयेत, असा स्पष्ट दंडक त्यात आहे. लाकूड ही राज्याच्या काळजीची गोष्ट आहे, हे दोन्हीकडच्या राज्यकर्त्यांना कळत होतं.

जॉर्जियन काळाच्या सुरुवातीला इंग्लंडचं आवडतं लाकूड होतं अक्रोड. त्याच्या सुंदर रेषांचे पातळ पत्रे कापून ते पाइन किंवा ओकच्या सांगाड्यावर चिकटवायचे, ही तिथली रीत होती. पण १७०९ च्या भयंकर हिवाळ्यात युरोपातली अक्रोडाची असंख्य झाडं गोठून मेली. फ्रान्सला टंचाई इतकी जाणवली, की १७२० मध्ये त्याने अक्रोडाच्या निर्यातीवर बंदी घातली. १७२१ मध्ये ब्रिटिश संसदेने अमेरिका आणि वेस्ट इंडिज इथल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची जकात काढून टाकली. हेतू होता आरमाराला लाकूड स्वस्त मिळावं हा, पण त्या वाटेने जमैकाची महोगनी लंडनच्या गोद्यांवर उतरू लागली. ती रुंद फळ्यांत मिळायची, वाकायची नाही, तिच्यावर कोरीवकाम सुबक उठायचं आणि अक्रोड पोखरणारी कीड तिला सहसा लागायची नाही. तीसेक वर्षांत इंग्लंडच्या दिवाणखान्यांचा रंगच बदलला.

या महोगनीमागे माणसांच्या गुलामीचा इतिहास आहे, तो वगळून पुढे जाता येत नाही. जमैकात आणि आजच्या बेलीझमध्ये ही झाडं शोधायची, तोडायची, ओंडके नदीपर्यंत ओढत न्यायचे, हे काम आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांनी केलं. लंडनमधल्या गुळगुळीत मेजाची सुरुवात त्या रानात होते.

या काळातला सगळ्यांत गाजलेला कारागीर म्हणजे टॉमस चिपेनडेल. १७१८ साली यॉर्कशायरमधल्या ऑटली या छोट्या गावी एका सुताराच्या घरी त्याचा जन्म झाला. १७५४ मध्ये त्याने आपल्या नमुन्यांचं पुस्तक छापलं. दीडशेहून अधिक चित्रं, सोबत मापं आणि घडवण्याच्या सूचना. त्यापूर्वी कुठल्या इंग्रज सुताराने आपल्या कामाचं एवढं पुस्तक काढलं नव्हतं. ते इंग्लंडभर फिरलं, समुद्र ओलांडून अमेरिकेत गेलं, आणि ज्यांनी चिपेनडेलला कधी पाहिलंही नाही अशा सुतारांनी त्यावरून खुर्च्या घडवल्या. पुढे हेपलव्हाइट आणि शेरटन यांचीही नमुन्यांची पुस्तकं आली. सुताराच्या हातातलं ज्ञान कागदावर उतरलं आणि तिथेच त्याचं आयुष्य वाढलं.

त्या कागदाची ताकद २००७ मध्ये दिसली. स्कॉटलंडमधल्या एअरशायर परगण्यात डमफ्रीज हाउस नावाचा एक वाडा आहे. १७५० च्या दशकात पाचव्या अर्ल ऑफ डमफ्रीजने तो ॲडम बंधूंकडून बांधून घेतला आणि सामान मागवलं चिपेनडेलकडून. अडीचशे वर्षांनी वारसदाराने वाडा आणि सामान विकायला काढलं. लिलावासाठी सामान ट्रकांत भरून लंडनच्या वाटेला लागलं होतं. शेवटच्या घटकेला तेव्हाचे युवराज चार्ल्स यांच्या पुढाकाराने साडेचार कोटी पौंडांचा व्यवहार जमला आणि ट्रक वाटेतूनच मागे फिरवण्यात आले. आज ते सामान ज्या खोल्यांसाठी घडवलं गेलं त्याच खोल्यांत आहे आणि लोक ते पाहायला जातात.

एवढी धावपळ करण्यासारखं त्या लाकडात होतं तरी काय? तशी सुंदर महोगनी इंग्लंडात इतरत्रही भरपूर आहे. पण इथे १७५९ ची बिलं शाबूत होती. कुठलं मेज कोणत्या खोलीसाठी, किती पैशांना, हे सगळं कागदावर. चिपेनडेलच्याच नव्हे, तर एडिंबरोच्या अलेक्झांडर पीटर, फ्रान्सिस ब्रॉडी आणि विल्यम मॅथी या स्थानिक कारागिरांचीही नावं त्या वाड्याच्या कागदांत आहेत. बाजारात जॉर्जियन फर्निचरचे भाव गेल्या वीस-पंचवीस वर्षांत खूप उतरले. तिथल्या तरुण कुटुंबांना जड, गडद सामान नको झालं आहे. भाव पडले तरी कागदपत्रं असलेल्या वस्तूचा इतिहास पडत नाही. नोंद नसलेलं मेज मात्र केवळ जुनं मेज होऊन जातं.

जुन्नर-आंबेगावचं लाकूड आज नेमकं त्या दुसऱ्या अवस्थेत आहे.

ते लाकूड आहे कसं, हे जवळून पाहायला हवं. वाड्याचं माप ‘खणा’त मोजतात. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि घर दोन खणी की पाच खणी यावरून घराण्याची ऐपत कळायची. खांब दगडी तळखड्यावर उभा करायचा, म्हणजे जमिनीची ओल लाकडात चढत नाही. खांबाच्या डोक्यावर हस्त, त्यावर तुळई, तुळईवर कडीपाट. सुरूच्या झाडासारखा निमुळता होत गेलेला पेशवाई खांब, त्याच्या तळाशी कमळाच्या पाकळ्या, दोन खांबांमध्ये महिरप, महिरपीतून लोंबणारं केळफूल. मुख्य दरवाज्याच्या चौकटीवर गणेशपट्टी, जाड फळ्यांच्या दारात माणूस वाकून जाईल एवढी दिंडी, आणि आत भिंतीत सरकणारी आगळ. बहुतेक सांधे लाकडाने लाकडात बसवलेले. एका तुकड्यात खाच, दुसऱ्याला कुसू, आणि दोन्ही जागेवर ठेवायला लाकडाचीच खुंटी. सागात मुरलेलं तेल वाळवीला दूर ठेवतं, म्हणून छप्पर नीट असेल तर असा खांब दोनशे वर्षं सहज उभा राहतो. हे काम करणारे सुतार वाकस, पटाशी, रंधा आणि गिरमिट एवढ्या हत्यारांवर ते करत होते.

या भागात लाकडाची परंपरा वाड्यांच्या कितीतरी आधीची आहे. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा या जुन्नरच्या लेण्यांतल्या चैत्यकमानी आणि वेदिका म्हणजे लाकडी बांधकामाची दगडात उतरवलेली रूपं आहेत. ज्यांनी डोंगर कोरला त्यांच्या डोळ्यांपुढे सुतारांनी उभारलेली घरं आणि मंडप होते. जुन्नरच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख येतो. कार्ल्याच्या लेण्यात तर धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने दार घडवल्याचा लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुताराचं नाव आपल्याला ठाऊक आहे. घोडेगावातला किंवा ओतुरातला शे-दीडशे वर्षांपूर्वीचा एखादा दरवाजा कोणी कोरला, हे मात्र त्या घरच्या माणसांनाही क्वचितच सांगता येतं.

इंग्रजी फर्निचर आणि जुन्नर यांची गाठही याच जॉर्जियन काळात पडली. १८१८ च्या मे महिन्यात मेजर एल्ड्रिजच्या फौजेने चावंड, जीवधन, हडसर हे जुन्नरभोवतीचे किल्ले घेतले, तेव्हा इंग्लंडच्या गादीवर तिसरा जॉर्ज होता. त्याआधी आपल्याकडे मोठ्या घरांत बसण्याची रीत बैठकीची. गादी, लोड, तक्के आणि पुढे उतरतं मेज. घरात लाकडी वस्तू म्हणजे देव्हारा, चौरंग, पाट, झोपाळा, पलंग आणि पेटारा. कंपनीचा अंमल बसला, कचेऱ्या आल्या आणि त्यांच्यामागून खुर्ची-टेबल आलं. मुंबईत एकोणिसाव्या शतकात शिसवी लाकडाच्या कोरीव खुर्च्या आणि कोचांचा मोठा धंदा उभा राहिला. इंग्रजी घडण आणि देशी नक्षी असा तो मेळ होता, आणि इंग्लंडात त्याला ‘बॉम्बे ब्लॅकवुड’ असं स्वतंत्र नाव मिळालं. गावोगावच्या इनामदार, सावकार आणि वकिलांच्या माडीवर शिसवी आरामखुर्ची आणि गोल टेबल पोचलं ते या वाटेने. खालच्या ओसरीवर झोपाळा आणि वर माडीवर खुर्च्या, असं दोन काळांचं घर या दोन्ही तालुक्यांतल्या जुन्या लोकांनी लहानपणी पाहिलेलं आहे.

झाडांच्या बाबतीतही जुन्नरचा या इतिहासाशी संबंध आहे. स्कॉटलंडहून कंपनीचा डॉक्टर म्हणून आलेला अलेक्झांडर गिब्सन पुण्याजवळच्या दापोडीच्या वनस्पती उद्यानाचा प्रमुख होता, आणि जुन्नर-नारायणगावच्या परिसरातली हिवऱ्याची सरकारी बागही त्याच्याच देखरेखीखाली होती. १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याचा वनसंरक्षक झाला. सह्याद्रीतली जंगलं किती वेगाने तुटत आहेत आणि त्याचा पाण्यावर काय परिणाम होतो, यावर त्याने वारंवार सरकारला लिहिलं. पश्चिम किनाऱ्यावरचा साग तेव्हा आरमाराच्या जहाजांत जात होता. मुंबईच्या गोदीत जमशेटजी वाडियांनी बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज १८१७ मध्ये पाण्यात उतरलं. मलबारच्या सागाचं ते जहाज आज इंग्लंडातल्या हार्टलपूल बंदरात दुरुस्त करून जपलेलं आहे आणि तिकीट काढून पाहता येतं.

आपल्या सागाची तिथे निगा राखली जाते याचं कुणी वाईट वाटून घेऊ नये. पण इथल्या सागाचं काय होतं आहे, हे डोळ्यांआड करू नये.

वाडा पडतो त्याला सहसा एकच कारण नसतं. तीन पिढ्यांत वारसांची संख्या वीस-पंचवीसवर जाते, त्यातले बरेच पुण्या-मुंबईत असतात. सगळ्यांच्या सह्या असल्याशिवाय कौलं बदलता येत नाहीत आणि कौलं बदलली नाहीत तर पाणी मुरतं. पाणी मुरलं की सागाचंही काही चालत नाही. पांढऱ्या मातीची भिंत फुगते, एका पावसाळ्यात कोपरा ढासळतो, मग नगरपालिकेची किंवा ग्रामपंचायतीची धोकादायक इमारतीची नोटीस येते. दुरुस्तीला पैसे हवेत आणि काम जाणणारा सुतार हवा. दोन्ही मिळत नाहीत. त्याच वेळी जुन्या सागवानाचा व्यापारी दारात येऊन रोख पैसे मोजतो. अशा कुटुंबाने लाकूड विकलं, तर त्याला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही.

पुढचा प्रवास ठरलेला आहे. वाडा उतरवणारी टोळी येते. खांब, तुळया, पाट सुटे होतात. साधं लाकूड घनफुटावर जातं. त्याला मशीनवर चिरून नव्या बंगल्यांची दारं-खिडक्या बनवतात. कोरीव भाग वेगळा काढून पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोरबाजारात किंवा जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या दुकानांत पोचतो. तिथे त्याला पॉलिश होतं आणि एखाद्या हॉटेलच्या किंवा फार्महाउसच्या दर्शनी भागात तो उभा राहतो. त्या दुकानात ‘दोनशे वर्षांचा खांब’ एवढंच सांगितलं जातं. गाव कोणतं, घर कोणाचं, ओसरीचा की देवघराचा, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं आणि घेणाऱ्यालाही. खांब वाचला असं म्हणता येतं, पण त्याची गोष्ट वाटेत सांडून गेलेली असते.

आंबेगाव तालुक्याने तर यापेक्षा मोठी गोष्ट गमावली आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळालं, ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्यात गेलं. कुकडी प्रकल्पातल्या पाच धरणांपैकी हे एक. याच तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळच्या बाबू गेनूंनी १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी मालाच्या ट्रकपुढे प्राण दिले, आणि जलाशयाला त्यांचंच नाव दिलेलं आहे. या पाण्याने पूर्वेकडची शेती भिजवली आणि त्याचा फायदा हजारो कुटुंबांना झाला, हे खरंच आहे. पण धरणांसाठी जमिनी मोजल्या गेल्या, घरांच्या किमती ठरल्या, झाडं मोजली गेली. घरं कशी बांधलेली होती, त्यांत कोणतं लाकूड कोणत्या घडणीचं होतं, याचं रेखाटन तेव्हा झालं असतं, तर बुडालेल्या गावांचा एक नकाशा तरी हाती राहिला असता. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा जोती दिसतात. त्यांच्यावर उभं असलेलं घर दिसत नाही.

सरकारी संरक्षणाची रचनाही लाकडाला प्रतिकूल आहे. जुन्नर परिसरात शिवनेरी आणि लेणी राष्ट्रीय महत्त्वाची स्मारकं आहेत, ते योग्यच आहे. पण संरक्षित यादी मुख्यतः दगडाची आहे. लाकूड राहत्या घरांत असतं, घर खासगी असतं, आणि खासगी घराची यादी करायची पद्धत पुणे शहरासारख्या मोठ्या महापालिकेबाहेर क्वचितच दिसते.

कायदा मात्र अगदीच मुका नाही. १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तूला पुरावशेष मानतो, आणि त्याच्या व्याख्येत इमारतीपासून वेगळा केलेला भागही स्पष्टपणे येतो. असा पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही आणि त्याचा व्यापार करायला परवाना लागतो. पण एखादी महिरप शंभर वर्षांची आहे हे दाखवायचं कशावरून? घराची नोंद नसेल, फोटो नसेल, माप नसेल, तर कायद्याच्या नजरेलाही ते नुसतं जुनं लाकूड दिसतं. इथे पुन्हा गाडी नोंदीपाशीच येऊन थांबते.

लाकडी वास्तू नोंदीसह हलली तर काय होतं, याचंही उदाहरण आहे. गुजरातमधल्या पाटणच्या वाडी पार्श्वनाथ जैन मंदिराचा सोळाव्या शतकातला कोरीव लाकडी मंडप १९१६ पासून न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. तो पाटणमध्ये राहायला हवा होता, असं वाटणं स्वाभाविक आहे. तरीही तो कुठल्या गावचा, कुठल्या मंदिराचा, हे आज कुणालाही वाचता येतं आणि अभ्यासता येतं. जुन्नरहून सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरच्या ओशिवऱ्यात पोचलेल्या खांबाबद्दल एवढंही सांगता येत नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि दोन्ही गांभीर्याने घ्यायला हवेत.

पहिला आक्षेप असा, की वाडे म्हणजे सरंजामशाहीची घरं. देशमुख, इनामदार, सावकार यांच्या वैभवाची आठवण गावाने का जपावी? रानातून साग तोडणारे, ओंडके वाहणारे, वेठीला धरले जाणारे कोण होते, हे या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी आणि ठाकर समाजाला कुणी वेगळं सांगायला नको. हा आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच नोंद हवी. मालकाचं नाव गावाला तोंडपाठ असतं. सुताराचं, गवंड्याचं, ओंडके वाहणाऱ्याचं नाव नोंदीशिवाय राहत नाही. डमफ्रीजच्या कागदांनी अर्लबरोबर एडिंबरोच्या कारागिरांनाही जिवंत ठेवलं, आणि जमैकाच्या महोगनीचे हिशेब राहिले म्हणून त्या लाकडामागची गुलामी आज नावानिशी मांडता येते. वाडा पुसून टाकला तर त्यासाठी राबलेल्यांचा पुरावाही पुसला जातो.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात पश्चिमेच्या वाड्या-वस्त्यांना पाण्याचे टँकर लागतात, तिथे लाकडी खांबांवर पैसे घालवायचे का? हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात खोट नाही. पण इथे वाडे विकत घेण्याची किंवा सगळे दुरुस्त करण्याची मागणीच नाही. मागणी आहे मोजमापाची, फोटोची आणि नोंदवहीची. पुणे परिसरात वास्तुशास्त्राची महाविद्यालयं भरपूर आहेत आणि जुन्या इमारतीचं मोजमाप घेऊन रेखाटन करणं हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग असतो. दर वर्षी एका महाविद्यालयाने एक गावठाण घेतलं, तरी दहा वर्षांत दोन्ही तालुक्यांतली महत्त्वाची गावं पूर्ण होतील.

एका माणसाच्या ध्यासाने काय होऊ शकतं, हे पुण्याने पाहिलं आहे. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून दरवाजे, खिडक्या, दिवे, अडकित्ते, वाद्यं गोळा केली. कोथरूडच्या मस्तानी महालाचं लाकूडकाम त्यांनी आणून पुन्हा उभं केलं. वीस हजारांहून अधिक वस्तूंचा तो संग्रह त्यांनी १९७५ मध्ये राज्य सरकारच्या हवाली केला आणि राजा दिनकर केळकर संग्रहालय म्हणून तो आज सगळ्यांना खुला आहे. केळकरांनी जे वाचवलं ते त्या काळात वाचवलं म्हणून उरलं. पण एका शहरातल्या एका संग्रहालयावर साऱ्या जिल्ह्याचा भार टाकता येणार नाही.

घरं जागेवर ठेवायची असतील तर अहमदाबादचा मार्ग पाहण्यासारखा आहे. तिथल्या ‘पोळ’ म्हणजे जुन्या मोहल्ल्यांमधल्या कोरीव लाकडी घरांची महापालिकेने यादी केली. यादीतलं घर जपणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकासहक्क मिळतो, म्हणजे आपल्या घरावर न वापरलेलं बांधकाम त्याला विकता येतं आणि आलेल्या पैशांतून घर दुरुस्त करता येतं. २०१७ मध्ये अहमदाबादला युनेस्कोने जागतिक वारसा शहराचा दर्जा दिला, त्यात या लाकडी घरांचा वाटा मोठा होता. जुन्नर नगरपालिकेच्या क्षेत्रात जमिनीचे भाव तितके नाहीत, त्यामुळे तोच उपाय जसाच्या तसा चालणार नाही. पण यादीत असलेल्या घराला घरपट्टीत सूट, दुरुस्तीच्या परवानगीत सवलत, कौलं आणि लाकडाच्या डागडुजीसाठी छोटं अनुदान, एवढं तर नक्कीच जमण्यासारखं आहे.

जुन्नर तालुक्याला २०१८ मध्ये राज्य सरकारने विशेष पर्यटन क्षेत्र म्हणून जाहीर केलं. शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट पाहायला माणसं येतात, एका दिवसात परत जातात. त्यांना मुक्कामाला ठेवायचं तर महामार्गालगत नवं रिसॉर्ट बांधून त्याच्या दाराशी कुठल्यातरी वाड्याचा खांब लावण्यापेक्षा, गावातला उभा वाडा दुरुस्त करून त्यात पाहुणे उतरवणं जास्त शहाणपणाचं आहे. त्यात पैसा घरच्या माणसांच्या हाती येतो आणि खांबही आपल्या तळखड्यावर राहतो. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांचा वाडा खासगी मालकीतही टिकून आहे आणि तो पाहायला लोक मुद्दाम वाट वाकडी करून जातात.

सुतारांचा प्रश्न राहतो. खाच आणि कुसू हाताने घालणारे, कुजलेल्या खांबाचा फक्त तळ कापून नवा तुकडा जोडणारे जुने कारागीर आता म्हातारे झाले आहेत. त्यांची मुलं प्लायवूड आणि मॉड्युलर किचनच्या कामात आहेत, कारण पैसे तिथे आहेत. चिपेनडेलने पुस्तक छापलं म्हणून त्याची पद्धत उरली. आपल्या सुतारांनी छापलं नाही, ते शिकवून गेले, आणि शिकणारा उरला नाही तर शिकवण संपते. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत जुन्या लाकूडकामाच्या दुरुस्तीचा छोटा अभ्यासक्रम सुरू करून या वयस्क कारागिरांना मानधनावर शिकवायला बोलावता येईल. प्रत्येकाच्या कामाचं चित्रीकरण करून ठेवता येईल. राज्यभर वाडे, मंदिरांचे सभामंडप आणि जुन्या शाळा दुरुस्तीची वाट पाहत आहेत. हे हुन्नर अंगी असलेल्या तरुणाला कामाची वानवा पडणार नाही.

मग नेमकं करायचं काय, तर चार गोष्टी. जुन्नर नगरपालिका आणि दोन्ही पंचायत समित्यांनी शंभर वर्षांवरच्या घरांची गावनिहाय यादी करावी. त्यात घराचा आराखडा, खण, लाकडाचे प्रकार, कोरीव भागांचे फोटो, मालकाचं आणि कळत असेल तर सुताराचं नाव, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत असावी. दुसरं, पाडण्याची परवानगी मागणाऱ्या अर्जाबरोबर याच माहितीचा तक्ता भरणं आवश्यक करावं. यात मालकाचा विकण्याचा हक्क कुठेही अडत नाही, पंधरा दिवसांचं मोजमाप तेवढं मधे येतं. तिसरं, जुन्नरात एक जागा असावी, जिथे ज्या कुटुंबाला लाकूड विकायचं आहे त्याच्याकडून योग्य किमतीला निवडक भाग घेऊन ठेवता येतील. त्यात वाड्याच्या महिरपीबरोबर शेतकऱ्याची पाभर आणि तिफण, कोळ्या-ठाकरांच्या घराची कुडाची भिंत आणि दारही हवं, म्हणजे ते साऱ्या तालुक्याचं संग्रहालय होईल. चौथं, धरणं, रस्ते किंवा कुठल्याही सार्वजनिक प्रकल्पासाठी गावं हलवायची वेळ आली, तर मोबदल्याच्या मोजणीबरोबर घरांच्या बांधणीचीही मोजणी सक्तीची व्हावी.

यातलं पहिलं काम सुरू करायला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही. ग्रामसभेचा ठराव, शाळेतले शिक्षक, गावातली मोबाइल हाताळणारी मुलं आणि एखादं वास्तुशास्त्र महाविद्यालय एवढं जमलं की सुरुवात होते. पावसाळ्यात दरवर्षी काही भिंती बसतात आणि दिवाळीनंतर पाडकामाला जोर येतो. त्यामुळे येत्या ग्रामसभेतच हा विषय ठेवावा, आणि जुन्नर-आंबेगावच्या लोकप्रतिनिधींनी जिल्हा नियोजन समितीकडून त्यासाठी पहिल्या वर्षाची तरतूद मागून घ्यावी.